देवमाशाच्या काळजाचं पान

तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. लोक म्हणतील, ही काय रीत झाली. पण रीतीने बोलणं आपल्याला कधी जमलं होतं? आणि आता तर तुम्ही 'बरं, बरं, पुढे लिही' म्हणून माझं बोलणं मधेच तोडूही शकत नाही. तेव्हा आज निमूटपणे ऐका.

कालपर्यंत भांडण एका पानाचं होतं. तुमच्या देवमाशाच्या वर्णनाचं शेवटचं पान, हृदयाचं. तुमच्या कॉलेजातले गुप्ते ते सगळे कागद इंग्रजीत करून छापायला देणार आहेत. त्यासाठी ते मुद्दाम रेवसच्या बोटीने आले, अलिबागला आपल्या मावशीकडे उतरले आणि टांगा करून किहीमला आपल्या घरी आले. पडवीत बसून त्यांनी सगळं वाचलं. त्या पानापाशी आल्यावर चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, या जातीच्या हृदयाचं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही, वहिनी, हे पान म्हणजे सोनं आहे. पण सोनं खरं की खोटं हेच मला ठाऊक नव्हतं.

कारण तुम्ही कोळीवाड्याला शब्द दिला होता. माझ्या देखत दिला होता. त्या हृदयाला सुरी लावणार नाही, असा. आणि सुरी न लावता आतलं इतकं बारीक वर्णन करायचं कसं? म्हणजे एक तर तुम्ही शब्द मोडलात, नाही तर हे पान तापाच्या भरात मनाने रचलंत. पहिलं खरं असेल तर ज्या लोकांमध्ये मला आता एकटीने जन्म काढायचा आहे त्यांना तुम्ही फसवलंत. दुसरं खरं असेल तर जन्मभर ज्याची तुम्हाला चीड होती तेच तुमच्या नावाखाली छापलं जाणार. तुम्हीच सांगा, यातलं कुठलं मी देवाकडे मागायचं होतं?

आपल्या कामाची पद्धत तुम्हीच घातलेली. तुमचे हात कायम रक्तात नाही तर चिखलात, म्हणून लिहायचं मी. मला इंग्रजी येत नाही, म्हणून तुम्ही मराठीत सांगायचं. मी लिहिलेलं वाक्य लगेच वाचून दाखवायचं, तुम्ही वाकून तो भाग पुन्हा एकदा पाहायचा, आणि मगच पुढचं वाक्य. वाचलं नाही तर लिहिलंच नाही असं तुम्ही धरायचात. लाडात आलात की मला 'अहो लेखनिक' म्हणायचात. शब्दांवरून मात्र आपली रोज जुंपायची. खांद्याच्या हाडाला तुम्ही अंसफलक म्हणायचात आणि मी खुशाल 'खांद्याचं फावडं' लिहायची. फावडं कसं दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे, अंसफलक कुणाच्या घरी आहे, असं मी एकदा विचारलं. तुम्ही रागाने पडवीत दोन फेऱ्या मारल्यात, मग हसलात, आणि फावडं राहिलं.

काठेवाडातून तुम्ही तो दगड झालेला जबडा आणलात, त्या वर्षीचं आपलं भांडण तर तसंच अर्धवट पडून आहे. हा प्राणी पृथ्वीवरून केव्हाच नाहीसा झाला, असं तुम्ही इतक्या हळहळीने सांगत होतात की मला वाटलं, सुतक धरायला लावता की काय. तुमचं म्हणणं, ज्याला कुणी नीट पाहिलं नाही, लिहून ठेवलं नाही, तो पुरता गेला. माझं म्हणणं, गेलेल्याला त्याचं काय? तो गेला तो गेला. वर्णन करायचं ते आपल्या हौसेसाठी, त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. तुम्ही म्हणालात, यावर सावकाश बोलू. सावकाश बोलायला तुम्हाला सवड कधी मिळाली नाही.

नाताळच्या सुट्टीतली ती सकाळ आठवते ना? आपल्या दारावर मासळी घेऊन येणारी हिराबाई त्या दिवशी रिकाम्या हाताने आली आणि म्हणाली, खाली देवमासा लागलाय. तुम्ही चहाचा पेला तसाच टाकून धावलात. मी कागद, टाक, दौत घेऊन मागून पोचले तेव्हा तुम्ही त्याच्या भोवती एक फेरी घालून मटकन वाळूत बसला होतात. जुंपलेल्या बैलगाडीहून लांब, पाठ काळीभोर, तोंडाला चोच, आणि एवढ्या मोठ्या तोंडात खालच्या जबड्याच्या टोकाला फक्त दोन दात. डाव्या कुशीत मोठी जखम होती. कुठल्या तरी आगबोटीचा पंखा लागला असावा. दोन-तीन बरगड्या मोडून आतली मोठी रक्तवाहिनी फाटली होती. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "हा आजवर कुणीच धड पाहिलेला नाही गं." तुमचा आवाज कापत होता. लग्नातही तो इतका कापला नव्हता.

बायकांनी तोवर त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं, पुढ्यात नारळ ठेवला होता. त्या लोकांची चाल अशी की देवमासा दर्याचा. भरतीचं पाणी चढलं की त्याला होड्यांना बांधून खोल पाण्यात परत नेऊन सोडायचं. तुम्ही हात जोडून तेवढ्या ओहोटीपुरता तो मागितलात. म्हातारी माणसं मान हलवेनात. तुम्ही पुन्हा पुन्हा विनवत होतात आणि माझी मान खाली चालली होती. शेवटी हिराबाई पुढे झाली. वाड्यात तिचा शब्द चालतो हे मला त्या दिवशी कळलं.

"हाडं घ्या, दात घ्या, काय ते मास कापा," ती म्हणाली. मग तिने आपल्या छातीवर हात ठेवला. "पन ह्या कालजाला लोखंड लावायचं न्हाय, मास्तर. ते दर्याचं हाय. ते हाय तसं परत गेलं पायजे."

तुम्ही लगेच शब्द दिलात. मला तो लगेचपणाच खटकला. मी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की सुट्टी संपली की तुम्ही मुंबईला जाल, मला इथे राहायचंय, याच बायकांच्या तोंडाकडे बघत. तुम्ही दुखावलात. मला शब्द पाळता येत नाही असं वाटतं का तुला, असं विचारलंत. खरं सांगू? वाटत होतं. माझ्या बहिणीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा ताटात माशाची हाडं मांडून बसणार नाही, अशी तुम्ही शपथ घेतली होती. सोलकढी येईपर्यंत तुमच्या ताटाच्या कडेने सुरमईचा अख्खा कणा ओळीने उभा होता.

मग काम सुरू झालं. तुम्ही रबरी हातमोजे चढवलेत आणि डोक्यापासून सुरुवात केलीत. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होते, वाचत होते, तुम्ही वाकून बघत होतात, आणि माझं अर्धं लक्ष पाण्याकडे. एक वाक्य लिहून मान वर केली की लाट आणखी जवळ आलेली. कवटी सुटली, ती चार जणांनी उचलून वर सुरूच्या बनात ठेवली. खांदा झाला, पोहायचा पर झाला. होड्या आणून उभ्या केल्या होत्या, दोर टाकून माणसं वाट बघत होती. त्यांचं ते उभं राहणंच मला टोचत होतं. तुम्ही मोडलेल्या बरगड्यांपाशी आलात, आणि तेवढ्यात हाडाची एक कपची मोज्यातून तुमच्या उजव्या तळव्यात शिरली.

कपची तुम्ही दातांनी ओढून काढलीत. मी म्हणाले, पुरे झालं आता, घरी चला. तुम्ही म्हणालात, पाणी बघ. मी म्हणाले, निदान टिंक्चर लावू द्या. यावर तुम्ही वाद घालाल म्हणून मी तयारच होते. पण तुम्ही म्हणालात, "जा, घेऊन ये." इतक्या चटकन तुम्ही माझं कधी ऐकलं नव्हतं. मी लुगडं खोचून वाळूतून घराकडे धावले. त्या ऐकण्याचं मला नवल वाटलं होतं. शंका आली नव्हती.

परत आले तोवर दोर ताणले गेले होते, धड हलून पाण्यावर तरंगत होतं. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर येत होतात. उजवी बाही खांद्यापर्यंत रक्ताने भिजलेली, हात पाठीमागे. मी तो पुढे ओढला, टिंक्चर ओतलं. मोजा टिंक्चरसाठीच काढला असेल असं मी धरलं. छातीत काय पाहिलंत, मी विचारलं. "पाणी आलं," एवढंच तुम्ही म्हणालात, आणि होड्या दूर जाईपर्यंत तिकडे बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी हात सुजला. मग काखेपर्यंत तांबडी रेघ चढली. अलिबागचे डॉक्टर आले, हात चिरला, शेक सांगितला, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की मुंबईला न्यायला हवं, पण हा ताप घेऊन प्रवास झेपायचा नाही. त्या दुपारी तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, लिही. मला वाटलं, ग्लानीत आहात. तरी टाक घेतला, कारण इतक्या वर्षांत तुम्ही लिही म्हणालात आणि मी लिहिलं नाही असं झालं नव्हतं. आणि तुम्ही हृदय सांगू लागलात. मोठ्या नळीची भिंत अर्धं बोट जाड. नळीचं तोंड पाच बोटं. आत तीन झडपा, हाताला ओल्या पदराच्या काठासारख्या लागतात. झडपेपासून खालचा तळ बारा बोटं खोल. सगळी मापं बोटांत, जी तुम्हाला कधी चालली नाहीत. आणि एकदाही, एकदाही तुम्ही वाचून दाखव म्हणाला नाहीत. पान संपलं तसे थकून गप्प झालात. पुन्हा काही बोलला नाहीत. माझ्याशी तुमचं शेवटचं बोलणं म्हणजे एका माशाच्या हृदयाची खोली. याचा राग मला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तुम्ही गेल्यावर लोकांना वाचा फुटली. देवमाशाच्या काळजाला हात घातला, दर्याने नेला, असं वाडीत बोलू लागले. तुमच्या बहिणीनेही तेच धरलं. ते पान चुलीत घाल म्हणून वन्सं रडून सांगत होत्या. आता आपल्या घरी मासे शिजत नाहीत, तेव्हा हिराबाई पाटी घेऊन येणार नाही हे मला समजत होतं. पण ती साधी भेटायलाही आली नाही. एकदा घरासमोरून जाताना मला पडवीत बघून तिने वाट बदलली. म्हटलं, शब्द मोडलाच असणार, आणि हिला ते ठाऊक आहे.

अशात परवा गुप्ते आले. मी त्यांना सगळं सांगितलं. भला माणूस आहे, पण घाईचा. म्हणाले, शंका असेल तर पान गाळू, कुणाला कळणारही नाही. नसेल तर छापू, मापांचे अंदाजाने इंच करू. त्यांना दोन्ही सारखंच सोपं होतं. मी एक दिवस मागून घेतला.

काल सकाळी मी कोळीवाड्यात गेले. वन्सं आडव्या आल्या, इतक्यात उंबरा ओलांडू नये म्हणाल्या. मी त्यांना बाजूला केलं. हिराबाई बोंबील वाळत घालत होती. मला बघून तिचे हात थांबले. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच विचारलं की त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा काळजाला सुरी लागली का. जे असेल ते सांग, मी ऐकून घेईन, पण मला माहीत असायला हवं.

हातातले बोंबील तिने टोपलीत ठेवले. मग बोलली.

"सुरी त्यांनी वालूत रोवलेली. माज्या डोल्यादेखत. मना बोलले, हिराबाय, लोखंड न्हाय, नुसता हात घातला तर चालल का? मी बोलले, हातानं पाया पडतो मानूस, हाताचा दोस न्हाय. मंग त्यांनी मोजा काढला. मोज्यातून कलत न्हाय बोलले. फाटलेल्या नलीतून हात आत घातला, ह्यो इथपरीस, आन् डोले मिटून बोटानं मोजीत व्हते. जखमेचा हात, बाय. मी बोलले, डावा घाला. तर बोलले, डाव्याला काय पन समजत न्हाय."

मग ती पदराने डोळे टिपू लागली. बाईला सांगू नको, ती रागावेल, असं तुम्ही तिला बजावलं होतंत. म्हणून ती माझ्यासमोर येत नव्हती. तोंडावर खोटं बोलता येईना आणि तुमचा शब्द मोडवेना.

म्हणजे पान खरं होतं आणि शब्दही खरा होता. मला वाटलं होतं, खरं काय ते कळलं की मन हलकं होईल. कसलं हलकं? परत येताना वाळूत चालताही येईना, इतका संताप आला. एकदा सुरी चालवली असतीत, मोजा हातातच ठेवला असतात, तर आज तुम्ही मुंबईला कॉलेजात मुलांवर खेकसत असता. शब्द मोडला असतात तर कोळीवाडा मला चार वर्षं बोलला असता, मी तुम्हाला जन्मभर बोलले असते, आणि तुम्ही ऐकून घ्यायला असता. हे वाटणं चांगलं नाही, पण वाटलं. आणि त्या टिंक्चरचं काय? मला घालवायलाच पाठवलंत ना? मी तिथे असते तर तो मोजा तुम्हाला काढू दिला नसता हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. आपल्या इतक्या भांडणांत तुम्ही कधी लबाडी केली नव्हती. ही एकच केलीत, आणि तिच्यावरून भांडायला मला समोर माणूस ठेवला नाहीत.

घरी आल्यावर मात्र अंगणात बसून खूप रडले, आणि ते रडणं नुसतं रागाचं नव्हतं. किनाऱ्यावर मी तुम्हाला म्हणाले होते ना, मला इथे राहायचंय म्हणून? ते तुम्ही ऐकलं होतंत. मला वाटायचं, तुमच्यासमोर असा प्राणी असला की तुम्हाला माझा आवाज ऐकूच येत नाही. येत होता. हात आत घालण्याआधी तुम्ही हिराबाईला विचारलंत. भरतीचं पाणी अंगावर येत असताना, आयुष्यात एकदाच मिळणारं ते हृदय समोर असताना, थांबून विचारलंत. सगळ्या गावाने माझ्याशी नीट बोलावं म्हणून एवढं माझ्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं. तुमचे उपकार मानू की तुम्हाला दोष देऊ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते ठरवायची घाईही नाही. संध्याकाळी हिराबाई वन्संना सगळं सांगून गेली. वन्सं चुलीपुढून उठल्या आणि पानावर ठेवायला कुठून तरी एक शंख घेऊन आल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून.

रात्र पडायच्या आत मी त्या पानाखाली एक ओळ लिहिली. हृदय जागच्या जागी ठेवून, शस्त्र न लावता, उघड्या उजव्या हाताने पाहिले.

आज गुप्ते आले. मी त्यांना हिराबाईचं बोलणं सांगितलं. ते उठून अंगणात गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, हे आता गाळायचा प्रश्नच नाही. पण एक अडचण आहे वहिनी, छापणारे विचारतील, बोट म्हणजे कुणाचं बोट, त्याचे इंच किती? साधारण पुरुषाचं धरू या का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

मी नाही म्हणाले. साधारण पुरुषाने तो हात घातला नव्हता.

मग कसं करायचं, ते म्हणाले, तो हात आता कुठून आणायचा?

तुमच्या पेटीतली मोजपट्टी मी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. इतकी वर्षं तो हात माझ्या हातात होता. तुमची दोन बोटं म्हणजे माझी तीन. यासाठी मला आठवावंही लागलं नाही. मी माझी तीन बोटं एकमेकांना चिकटवून पट्टीवर ठेवली, आकडा वाचला आणि गुप्त्यांना म्हणाले, "लिहा."